जनाबियाचं रशियन मंडळ आणि आत्याबाईंची सूटकेस

बहारीनमध्ये दोन गोष्टी कितीही पुसा, संध्याकाळपर्यंत परत साचतात. एक वाळूची धूळ आणि दुसरे आमच्या मंडळाचे किस्से. धूळ निदान ओल्या फडक्याने निघते. किस्से आजवर फोनवर सांगत आले; पण ऐकणाऱ्या माझ्याच वयाच्या. एकीला ऐकू येत नाही, दुसरी मध्येच घोरायला लागते. म्हणून आता लिहूनच काढते.

मंडळाचं नाव ‘रशियन साहित्य रसिक मंडळ’. सभासद सगळे मराठी. दर शुक्रवारी दुपारी जनाबियात अध्यक्ष सरपोतदारांच्या व्हिलात बैठक. सरपोतदार म्हणजे एका कंपनीत एचआरचे मोठे साहेब. सेक्रेटरी निमकरबाई, फोटो काढण्यात तरबेज. भोळे इंजिनियर, मशीन दिसलं की त्यांचा हात शिवशिवतो. आणि मी, जैबुनखाला, शाळा सातवीपर्यंत, मुक्काम अराद, मुलाच्या घरी.

अख्ख्या मंडळात रशियन वाचता येणारी मी एकटी. म्हणून माझी खुर्ची किचनच्या दाराजवळ. चहाचं बघायला सोपं पडावं!

* * *

एका बैठकीत सरपोतदारांनी रशियन साहित्याचा निकाल लावला. “डीप आहे, पण फार डिप्रेसिंग. आणि नावांचा केवढा घोळ! एकाच माणसाला तीन-तीन नावं. आई एक म्हणते, मित्र दुसरं म्हणतो, ऑफिसात तिसरंच. वाचणाऱ्याने लक्षात तरी कसं ठेवायचं?”

मी म्हटलं, “साहेब, मला बाप जैबू म्हणायचा, सासू मोठी सून म्हणायची, नवरा ‘अगो’ म्हणायचा, नातवंडं दादी म्हणतात आणि तुम्ही खाला. मी काय पाच बायका आहे?”

सरपोतदार विचारात पडले. मग हळूच म्हणाले, “खाला, तुमचं आडनाव काय हो?”

तीन वर्षं माझ्या हातचा चहा पीत होता हा माणूस!

* * *

मी रशियन कशी शिकले, हे मंडळात कुणी विचारलं नाही. तुम्ही तरी ऐका.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीकाठचं. बापाचं किराणा दुकान. त्या काळी ती गुळगुळीत कागदाची रशियन मासिकं गावोगाव यायची, मराठीतून, कवडीमोल भावात. सगळ्या गावाने ती घेतली. वाचायला नव्हे, पोरांच्या वह्यांना कव्हरं घालायला! बर्फ, ट्रॅक्टर, गुबगुबीत गालांच्या पोरी, सगळं पाठीवरच्या पिशवीतून शाळेत जायचं. महाराष्ट्राने रशियन साहित्य कसं जपलं असं कुणी विचारलं तर सांगा, वहीच्या बाहेरून!

मी कव्हर घालायच्या आधी वाचायची, एवढाच काय तो माझा गुन्हा. पुढे बापाने पत्र टाकून एक फुकटचं रशियन भाषेचं पुस्तक मागवलं. लग्नात बायकांनी भांडी आणली, मी ते आणलं. सासू म्हणाली, “हिचं डोकं फिरलंय.” फिरलेलंच होतं. पन्नास वर्षं फिरतंच आहे.

जुफैरला गुडघ्याच्या व्यायामाला जायची, तिथे लिदिया भेटली. लिदिया रशियन, माझ्याच वयाची, मुलीकडे राहायला आलेली. मुलगी इथे पियानो शिकवते. दोघींच्या गुडघ्यांना शेक चालू होता. मी आयुष्यात पहिल्यांदा एका रशियन माणसाशी रशियन बोलले. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “ज़ैबा, तू माझ्या लहानपणच्या रेडिओसारखी बोलतेस. आता बातम्या संपव आणि बोल!”

* * *

लिदियाच्या घरी पलंगाखाली एक छोटी सूटकेस होती. तिच्यात तिच्या आत्याच्या कविता.

आत्याबाई बटणांच्या कारखान्यात कामाला होत्या. लिहायला कागद नाही, म्हणून कारखान्याच्या तळहाताएवढ्या छापील चिठ्ठ्यांच्या मागे जांभळ्या पेन्सिलीने लिहायच्या. एक ओळ छापून आली नाही. घराची झडती मात्र आली.

“मग कागद वाचले कसे?” मी विचारलं.

“मासळी,” लिदिया म्हणाली. त्यांच्याकडेही खारवून सुकवलेले मासे खातात. आत्याबाईंनी पेटीत खाली कविता ठेवल्या, वर सुकी मासळी रचली. पोलिसाने झाकण उघडलं, नाक धरलं, झाकण लावलं. साहित्याची सेवा झाली!

दुसऱ्या दिवशी मी तिला आपले सुके बोंबील भाजून नेले. तिने हुंगले आणि डोळ्यांत पाणी आणलं. त्यानंतर आमचं ठरून गेलं. मी बोंबील, सुकट, काय असेल ते पत्र्याच्या डब्यातून न्यायची. पहिल्यांदा तिने डबा धुऊन, लखलखीत करून रिकामा परत दिला. मी सुनावलं, “आमच्यात रिकामा डबा परत देत नाहीत. चिमूटभर साखर तरी घालतात.” तेव्हापासून ती कधी विसरली नाही. कधी पाव, कधी लोणचं, एकदा नुसता एक कांदा!

पण तिला एक घोर होता. मुलीचा काँट्रॅक्ट संपत आला होता, बहारीन सोडायचं होतं. मुलीला रशियन जेमतेम, नातवाला अक्षर ओळखता येत नाही. “मी आहे तोवर सूटकेस आहे,” ती म्हणायची. “मी गेले की दुसऱ्या दिवशी कचऱ्यात.” मायदेशी एका संग्रहालयाला विचारलं, तर उत्तर आलं, लेखिका प्रसिद्ध नाही, जागा नाही. जिवंतपणी उपाशी ठेवायचं आणि मेल्यावर दौत काचेत ठेवायची. त्यातही दौत प्रसिद्ध माणसाचीच हवी! यात ते आणि आपण सख्खे भाऊ.

लिदियाला काच नको होती. तिला एवढंच हवं होतं, सूटकेस अशा घरी जावी जिथे ती कुणी उघडून वाचेल.

* * *

निमकरबाईंना खबर लागली. लगेच लिदियाला सूटकेससकट मंडळात बोलावलं. दुभाषी मीच!

“फेमस होत्या का तुमच्या आंटी?” बाईंनी विचारलं.

“हो,” लिदिया म्हणाली. “पोलिसांत.”

सरपोतदारांनी चिठ्ठी हातात घेतली, उलटी धरली, सुलटी धरली, उजेडात धरली. मी वाट बघत होते, माणूस आता काय बोलतो. माणूस बोलला, “हे अटेस्टेड आहे का?”

आखातात आयुष्य गेलं की असं होतं. डिग्री अटेस्टेड, निकाहनामा अटेस्टेड, जन्माचा दाखला अटेस्टेड. माणूस समोर उभा असला तरी तो जन्मला यावर इथे शिक्का लागतो.

“कवितेला कुणाचा शिक्का, साहेब?”

“ज्यांनी लिहिलं त्यांची सही तरी? नंतर प्रॉब्लेम नको.”

“त्या वारल्यात.”

“मग डेथ सर्टिफिकेट?”

* * *

निमकरबाईंनी एक चिठ्ठी घरी नेली. “रिस्पेक्टने ठेवते,” म्हणाल्या. पुढच्या शुक्रवारी आणली ती लॅमिनेट करून! आधी वेट वाइपने पुसली, मग गरम मशीनमधून काढली. ती जांभळी पेन्सिल पाण्याला विरघळते. आठ ओळींची कविता गेली आणि प्लास्टिकच्या आत जांभूळ चिरडल्यासारखा एक डाग राहिला. निमकरबाई म्हणाल्या, “आता शंभर वर्षं काही होणार नाही!”

खरंच होतं. व्हायचं ते होऊन गेलं होतं.

लिदियाने त्या प्लास्टिकवरून बोट फिरवलं. मला एवढंच म्हणाली, “झडतीच्या वेळी असं झालं नव्हतं.”

* * *

मग भोळे पुढे आले. “हात नका लावू. मी सगळं स्कॅन करतो. फुल रिझोल्यूशन!” लिदियाच्या घरी मशीन आणलं, दोन दिवस बसले, एका चिठ्ठीला ओरखडा नाही. हे मान्य करायला हवं. मंडळात पेनड्राइव्ह ठेवला तेव्हा टाळ्या पडल्या.

पडद्यावर पहिलं पान आलं. स्वच्छ, सरळ, एक एक अक्षर वाचता येईल असं. दुसरं आलं. तिसरं आलं. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“भोळे, ही छापील बाजू आहे.”

“हो. पुढची.”

“कविता मागे आहेत.”

“मागे? मागे ते रफ वर्क होतं ना हाताने लिहिलेलं?”

या माणसाने सूटकेसभर चिठ्ठ्यांची एकच बाजू जपली होती. कारखान्याची! कुठल्या पाळीत कुठली बटणं निघाली हे आता जगाच्या अंतापर्यंत टिकणार. लिदिया इतकी हसली, इतकी हसली, की मला तिच्या पाठीवर थोपटावं लागलं. शेवटी शेवटी ते हसणं होतं की नाही, मला सांगता येत नाही.

* * *

पण तोवर मंडळाने ठरवलेल्या ‘संवर्धन सोहळ्या’च्या केकची ऑर्डर गेली होती. केकवर हस्तलिखिताचा फोटो, खायच्या शाईत. भोळ्यांनी फाइल आधीच बेकरीला पाठवलेली. खलास!

प्रमुख पाहुणे कुठल्याशा कंपनीचे डायरेक्टर. सुरी हातात घेऊन केकवरची अक्षरं बघत राहिले. “व्वा! भाषा कळत नाही, पण वेदना पोचते.” मग माझ्याकडे वळले, “खाला, जरा अर्थ सांगा ना.”

मी वाचून सांगितलं. “कोटाचं बटण. काळं. चार भोकांचं.”

सरपोतदारांचा चेहरा तर त्या क्रीमपेक्षा पांढरा.

पाहुण्यांनी डोळे मिटले. “चार भोकं…” ते म्हणाले. “काय सिम्बॉलिझम आहे!”

* * *

केक खाऊन झाल्यावर लिदियाने एकेकाला विचारलं, “तुम्हाला आत्याची कुठली ओळ आवडली?” मी दर शुक्रवारी दोन-दोन कविता मराठीत करून वाचून दाखवत होते, तेव्हा सबब नव्हती.

सरपोतदार म्हणाले, “ऑल!”

निमकरबाई म्हणाल्या, “हँडरायटिंग फार क्यूट आहे.”

भोळे म्हणाले, “पेपर क्वालिटी.”

मग ती माझ्याकडे वळली. मी म्हटलं, “आवडलेली नंतर सांगते. त्या जिन्याच्या कवितेत तुझ्या आत्याने नवऱ्याला उगाच माफ केलं. तो काय माफ करण्याच्या लायकीचा होता?”

“तुला काय माहीत तो कसा होता!” लिदिया उसळली.

“तिनेच लिहिलंय! दुसऱ्या कडव्यात!”

“ते उपरोधाने आहे, ज़ैबा!”

“उपरोध मला शिकवू नकोस!”

जनाबियाहून जुफैरपर्यंत टॅक्सीत भांडलो. उतरताना ती म्हणाली, “आत्याशी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी भांडलं.” आणि माझ्या तोंडावर धाडकन दार लावून गेली.

* * *

निघायचा आठवडा आला. सरपोतदारांनी जाहीर केलं, सूटकेस मंडळाकडे राहणार. व्हिलातली एक खोली रिकामी केली, दिवसरात्र एसी, दारावर पितळी पाटी. नियम एकच: सूटकेस उघडायची नाही. “हँडलिंगने डॅमेज होतं.” लॅमिनेशनवाल्यांच्या तोंडी हे ऐकून मला उचकी लागली. लिदियाने मात्र शांतपणे मान हलवली. “इंशाल्ला,” म्हणाली. एवढं अरबी तिला येत होतं.

त्याच आठवड्यात मुलाचा मित्र गावाहून बोंबील घेऊन आला. मी पत्र्याचा सर्वांत मोठा डबा सुक्या बोंबलांनी गच्च भरून तिच्याकडे नेला. ती म्हणाली, “वेडी आहेस का? परवा विमान आहे. हे मी नेऊ कुठे?”

“मला काय विचारतेस? मी आणायचं काम केलं.”

तिने डब्याकडे बघितलं. मग सूटकेसकडे बघितलं. मग मला म्हणाली, “घरी जा, ज़ैबा. मला आवराआवर आहे.”

निरोपाच्या दिवशी सगळं मंडळ जुफैरला हजर. सरपोतदारांचं भाषण, निमकरबाईंचे फोटो. कुलूपबंद सूटकेस लिदियाने दोन्ही हातांनी सरपोतदारांना दिली, वर किल्ली दिली. त्यांना गहिवरून आलं. भोळे म्हणाले, “हेवी आहे हो!” सरपोतदार म्हणाले, “कंटेंटच हेवी आहे.”

मग तिने माझा डबा आणला. घासून लखलखीत केलेला, झाकण दोरीने बांधलेलं. “रिकामा देत नाहीत ना तुमच्यात?”

“नाही देत.”

मी हातात घेतला. चांगला जड होता.

“काय आहे, खाला? केक?” निमकरबाई डोकावल्या.

“रशियन पदार्थ,” लिदिया म्हणाली. “तुम्हाला चाववणार नाही.”

भोळ्यांनी मला गाडीने अरादला सोडलं. डबा डिकीत ठेवतो म्हणत होते. मी मांडीवरून हलू दिला नाही.

* * *

ऑगस्टमध्ये सरपोतदारांचा फोन आला. आवाज एकदम खाली.

“खाला, कुणाला बोलू नका. सूटकेसच्या खोलीतून वास येतोय.”

“कसला?”

“मिसेस म्हणतात, बोंबलाचा! दोन वेळा फिनेल मारलं. कंपाउंडमधली मांजरं त्या खिडकीखालून हलत नाहीत. पुढच्या महिन्यात पाहुणे यायचेत बघायला. तुम्हाला यातलं कळतं म्हणून विचारतो, जुन्या रशियन मॅन्युस्क्रिप्टला असा वास येतो का हो?”

मी चष्मा कपाळावर सरकवला. डबा समोर उघडा होता. आमच्या घरात वासबीस काही नाही. मफी!

“येतो,” मी म्हटलं. “जितकं अस्सल, तितका जास्त येतो. एसी वाढवा, साहेब. आणि सूटकेस अजिबात उघडू नका.”