कप्तानाच्या मिशीची नोंद

“ताई, माझं वडील गेलं आज सकाळी. दहाव्याला केस उतरवायचं हाईत, मिशीबी जाणार. काढू का?”

फोनवर सर्जेराव होता. शाहूवाडीकडच्या आपल्या गावातून बोलत होता. मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की अरे देवा, अर्धा एपिसोड मिशीसकट शूट झालाय. हे मी तोंडाने बोलले नाही एवढंच नशीब. पण आलं ते आलं, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

मी कंटिन्युइटी बघते. म्हणजे काय, तर मालिकेतला माणूस एका दारातून निळा शर्ट घालून आत गेला, तर पुढच्या शॉटमध्ये तो निळ्याच शर्टात दिसायला हवा. वरचं बटण उघडं असेल तर उघडंच. या दोन शॉट्सच्या मध्ये कधी आठ दिवस गेलेले असतात. म्हणून मी सगळं रजिस्टरमध्ये लिहून ठेवते आणि फोटो काढते. थोडक्यात, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा मला पगार मिळतो.

आमची मालिका अंतराळातली. नववं वर्ष चालू आहे. आमचं यान ‘पंचगंगा’ कोल्हापूरबाहेरच्या एका बंद फाउंड्रीच्या शेडमध्ये उभं आहे. त्याच्या भिंती दूध थंड करायच्या जुन्या टाक्यांच्या पत्र्याच्या आहेत, पण पडद्यावर झकास दिसतात. सर्जेराव या यानाचा कप्तान. त्याची मिशी पोस्टरवर आहे, कपांवर आहे, मुलांच्या दप्तरांवर आहे. तिला कात्री लावायची तर आधी मला विचारायचं, हा मीच घातलेला नियम. नऊ वर्षं त्याने तो पाळला. बाप गेला त्या सकाळीही पाळला.

“सर्जेराव, मला काय विचारतोस? वडलांचं जे करायचं ते सगळं रीतीने कर. इकडचं मी बघते,” मी म्हटलं.

बघते म्हटलं खरं, पण बघणार काय, हे मला ठाऊक नव्हतं.

शिरीष सर आमचे दिग्दर्शक, लेखकही तेच. त्यांनी डोकं धरलं. आधी विगचा विषय निघाला. आमचे मेकअपमन महादूनाना मंगळवार पेठेतले. त्यांच्या वडलांचं तिथे सलून होतं आणि नानांची निम्मी हयात वस्तऱ्यावर गेलेली. ते म्हणाले, नुकताच वस्तरा फिरलेल्या कातडीवर गम लावला तर ती जळते, आणि क्लोजअपला खोटी मिशी खोटीच दिसते. एखाद्या सीनला ठीक, पण मिशी पुन्हा तशी यायला चार महिने लागतील. चार महिने त्या पोराचं तोंड सोलायचं का?

मग चॅनेलच्या मॅडमचा मुंबईहून फोन आला. त्यांनी शांतपणे काँट्रॅक्टमधला लूकचा क्लॉज वाचून दाखवला. दिसण्यात बदल करायचा तर चॅनेलची परवानगी हवी. सर्जेराव नुसत्या दोन बटा कापून भागवू शकत नाही का, असं त्यांनी विचारलं. सरांनी नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “मग कप्तान बदलू. अपघात दाखवा, चेहरा नवा लावा. सायन्स फिक्शनमध्ये चालतं.”

त्यांचं बोलणं धंद्याचं होतं, त्यात दुष्टपणा नव्हता. पण मला राग आला. सर्जेरावचे वडील भातशेती करायचे. पोरगा काय काम करतो असं कुणी विचारलं, की वर बोट दाखवून सांगायचे, “आमचा सर्ज्या वर असतोय.” त्यांच्याच दहाव्यापायी पोराचं वर असणं संपणार, हे काही मला पटेना.

दुपारी चहाला सर, नाना आणि मी यानाच्या पायरीवर बसलो होतो. सर म्हणाले, कप्तानाचेही वडील पृथ्वीवर वारले असं दाखवलं तर? पण मग त्यांनीच ते खोडलं. आमचं यान इतकं लांब गेलंय, की पृथ्वीवरचा निरोप पोचायला चौदा महिने लागतात. हा मालिकेचा पहिल्या वर्षापासूनचा नियम. बाप जाऊन चौदा महिने झाल्यावर कसलं सुतक आणि कसलं मुंडण?

नानांनी बशी खाली ठेवली. “चौदा म्हैनं होऊ देत न्हायतर चौदा वर्सं. आईबापाचं सुतक बातमी कानावर पडल्यापास्नं धरायचं असतंय, सर. पोराला कळलं तवाच बाप गेला की.”

सर माझ्याच रजिस्टरचं मागचं पान फाडून लिहायला लागले. एरवी कुणी त्याला हात लावला असता तर मी भांडले असते.

आता अडचण माझी होती. आमच्याकडे सोयीप्रमाणे उलटसुलट शूट होतं. यानातली सगळी मंडळी एकत्र सापडली होती म्हणून आम्ही शेवटचा सीनच आधी उरकला होता. त्यात मिशीवाला कप्तान हसत म्हणतो, “यान घराकडं वळवा.” बातमीनंतर डोकं भादरलेला कप्तान शेवटी मिशीसकट कसा येणार? मी म्हटलं, सर, शेवट उचलून सुरुवातीला टाका. आधी तो आनंदाने यान घराकडे वळवेल, आणि मग निरोप येईल. सरांनी लगेच पानावर खालून वर बाण काढला.

राहिला मधला दुवा. केस असलेला कप्तान केबिनमध्ये जाताना हवा होता, आणि सर्जेराव तर गावी. त्याच्या दहाव्याला कॅमेरा न्यायचा का, असं सरांनी चाचरत विचारलं. “सर, तो सेट नाही,” मी म्हणाले. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मी जुनी रजिस्टरं काढून बसले. तिसऱ्या दिवशी एक नोंद सापडली. दोन वर्षांपूर्वीचा, एनजी, म्हणजे बाद केलेला शॉट. कप्तान पाठमोरा केबिनकडे जातो, आत शिरतो, दार बंद होतं. ‘खूप हळू चालला म्हणून बाद,’ असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं. आता आम्हाला अगदी तसाच हळू चालणारा माणूस हवा होता.

सरांनी मॅडमना पूर्ण एपिसोड फोनवर वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “एक एपिसोड. लोक बिथरले तर पुढच्या आठवड्यात नवा कप्तान.”

तेरावं झाल्यावर सर्जेराव आला. मिशीशिवाय तो मला धाकट्या भावासारखा दिसला. त्याने स्क्रिप्ट वाचली. मी म्हटलं, जमणार नसेल तर सांग, कुणाचीही बळजबरी नाही.

“जमंल, ताई. आबास्नी बी बरं वाटंल. पोरगं वर असूनबी बापाचं करतंय म्हनतील.”

एपिसोड असा झाला. यानात वडील गेल्याचा निरोप ऐकू येतो आणि पाठमोरा कप्तान हळूहळू केबिनमध्ये जातो. बंद दारामागून फक्त वस्तऱ्याचा आणि पाणी ओतल्याचा आवाज येतो. दार उघडतं तेव्हा त्याचं डोकं भादरलेलं असतं आणि मिशी नसते. बाहेर यानातली सगळी मंडळी उभी असते. कप्तान खुर्चीवर बसतो आणि यान चालवायला लागतो. शूटच्या वेळी वस्तऱ्याचा आवाज नानांनी दिला. तो देताना त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले, आणि टेकची वेळ लिहायची राहिली.

रविवारी एपिसोड लागला. मंगळवारी मॅडमचा दोन ओळींचा मेसेज आला. कप्तान तोच राहील. मिशी निवांत वाढू द्या.

आमचे एक जुने प्रेक्षक आहेत, गडहिंग्लजकडचे निवृत्त सुभेदार. दर आठवड्याला ते आमच्या चुकांची यादी पोस्टकार्डावर पाठवतात. नऊ वर्षांत त्यांनी कधी कौतुकाचा शब्द लिहिला नव्हता. त्या आठवड्यात पाकीट आलं. त्यांनी लिहिलं होतं, की ते बर्फातल्या चौकीवर असताना वडील वारल्याचं पत्र दोन महिन्यांनी पोचलं. सोबतच्या एका जवानाने तिथेच त्यांचं मुंडण केलं, आणि तासाभराने ते पहाऱ्यावर उभे राहिले. हे घरात कधी कुणाला सांगितलं नव्हतं. रविवारी एपिसोड संपल्यावर नातवंडांना सांगितलं.

पत्र मी सर्जेरावला वाचून दाखवलं. त्याने ते मागून घेतलं, पुन्हा स्वतः वाचलं आणि घडी घालून वरच्या खिशात ठेवलं. तो खिसा गणवेशाचा होता, आणि पुढचा शॉट लावायचा होता. खिसा फुगलेला दिसत होता. नोंदीप्रमाणे तो सपाट हवा. मी बघितलं आणि काही बोलले नाही.

पत्राच्या तळाशी ताजा कलम होता: ‘केबिनच्या दारावरचा प्रवासाच्या दिवसाचा आकडा दोन वर्षं मागे आहे. कंटिन्युइटीवाल्यांनी लक्ष द्यावे.’

मी रजिस्टर उघडून त्या जुन्या शॉटची चूक माझ्या नावावर लिहिली. एवढ्या वर्षांत मनापासून लिहिलेली ती पहिलीच.