रुळांकाठची सफरचंदं

इथे आखातात, अजमान शहरातल्या एका दुकानात सफरचंदांचं खोकं उघडलं आणि त्या वासासरशी मी आमच्या गावच्या रुळांकाठच्या गोदामात पोचले. दोन महिन्यांपूर्वी वारलेले माझे बाबा तिथे मुकादम होते. रेल्वेने आलेली पेटी न उघडता, फळ्यांच्या फटीतून हुंगूनच ते आतलं नासकं फळ ओळखत.

एकदा त्यांनी मला हुंगायला लावलं.

"चांगलीय," मी म्हणाले.

"वा, मुकादमीणबाई!" म्हणत त्यांनी पेटीवर खडूने चांगल्या मालाची खूण केली.

संध्याकाळी पेटी उघडली तर निम्मी फळं नासलेली. गोदामाच्या शेठची बोलणी बाबांनीच खाल्ली.

माझ्या कौतुकापायी ते फसले, असंच मला इतकी वर्षं वाटायचं. आज मात्र कळेनासं झालंय. त्यांना स्वतःलाच वास येईनासा झाला, म्हणून ते माझ्या नाकावर विसंबले असतील का? मी तर खेळ समजून नीट हुंगलंही नव्हतं.