ताप वाढलाय

माझा मामा, दाएंग पलाल्लो, लाकूड वाहणाऱ्या गलबताचा नाखवा होता. गलबताला इंजिन नव्हतं, आणि मामाला त्याचाच तोरा होता. मी त्याच्याबरोबर स्वयंपाकाला असायची. बोटीवर ‘संपलं’ म्हणायचं नाही, हा आम्हा बुगी लोकांचा नेम. समुद्र ऐकतो आणि शब्द खरा करतो. म्हणून तांदूळ संपले की ‘तांदूळ वाढले’ म्हणायचं, पाऊस थांबला की ‘पाऊस वाढला’. ला उपे नावाच्या नवख्या खलाशाच्या तोंडून एकदा ‘पाणी संपलं’ निघालं, तर मामानं त्याला दिवसभर खाऱ्या पाण्याच्या चुळा भरायला लावल्या.

त्या वर्षी निघतानाच मामीला ताप होता. परतीच्या वाटेवर डोंगाला बंदरात आलो आणि वारा पडला. दोन ऋतूंच्या मधले दिवस. मामाचं ठरलं होतं, पश्चिमेच्या वाऱ्याची वाट बघायची नाही. पहाटे मतलई, दुपारी खारा वारा, असं किनारा धरून जायचं. कंबर मोडेल, पण सहाव्या दिवशी घर.

तेवढ्यात आगबोटीनं आलेला गावचा कापडवाला, हाजी बेद्दू, गलबतावर कॉफीला आला. मामानं मामीचं विचारलं.

“ताप वाढलाय, दाएंग.”

मामा हसला. त्यानं हाजीला मिठी मारली, केळ्यांचा फणा हातात कोंबला. चुलीपाशी मीही हसले. हाजी आमच्याकडे बघतच राहिला, पण आगबोटीचा भोंगा झाला आणि तो घाईनं उतरून गेला. तो जमिनीवरचा माणूस. बोटीची बोली त्याला कुठली? तेव्हा हे आम्हाला सुचलंच नाही.

मग मामा निवांत झाला, आता पश्चिमेच्या वाऱ्याचीच वाट बघू म्हणाला. नऊ दिवस आम्ही नांगरावर होतो, आणि इतका बोलका मामा मी कधीच पाहिला नव्हता. तो सांगायचा, पृथ्वीच्या कमरेशी उत्तरेचा नि दक्षिणेचा वारा समोरासमोर येतात, ‘आधी तू, आधी तू’ करत दोघंही वर निघून जातात, आणि खाली आपण माश्या मारत बसतो. पश्चिमेचा वारा यायच्या आधी पाण्याला कसा वास येतो, ढगांची बुडं कशी सपाट होतात, सगळं सांगितलं. वाऱ्याला बोलवायला हळू शीळ घालायची, जोरात घातली तर वादळ येतं.

“दाएंग, शीळ घालून घालून ओठ वाढले माझे,” ला उपे म्हणाला.

“वाढू देत. तसंही तुला कोण पोरगी देतेय?”

दहाव्या दिवशी वारा आला. दोन दिवसांत घर.

किनाऱ्यावर हात हलवायला कुणी नव्हतं. आम्ही नांगरावर असतानाच, आठव्या दिवशी मामी गेली होती. मातीला तीन दिवस झाले होते.

हाजीला नंतर सगळं कळलं तेव्हा तो येऊन मामाच्या पायाशी रडला. मामानं त्याला उठवलं. “तू खरं तेच सांगितलंस,” म्हणाला. “ऐकणारा मी होतो.”

मामीजवळ शेवटपर्यंत शेजारीण बसली होती. ती म्हणाली, रोज पहाटे डोळे उघडून एकच विचारायची, बाहेर वारा कुठला आहे? मतलई आहे म्हटलं की म्हणायची, मग ते किनाऱ्याकिनाऱ्यानं येत असतील, भात थोडा जास्त घाला.

मामानं ते उभ्यानंच ऐकलं. मग माणसांना लाकूड उतरवायला सांगितलं, नेहमीच्याच आवाजात.