ढवळण्याचा वेग

माझं डोकं लवकर तापतं, हे घरचे सांगतात आणि सुरतजवळच्या हजीऱ्यातल्या आमच्या कारखान्यातले लोक सोसतात. तिथे आम्ही एका औषधी झाडाच्या पेशी पोलादी टाकीत वाढवतो. झाड नाही, माती नाही, नुसत्या पेशी. प्रयोगशाळेत चंबूभर द्रावणात त्या मजेत वाढायच्या, टाकीत घातल्या की आमचे बारा वाजायचे. जोरात ढवळलं तर पेशी फुटून फेस होतो, हळू ढवळलं तर त्या तळाशी बसून प्राणवायूवाचून गुदमरतात. शिवाय त्यांची वाढ इतकी सावकाश, की चूक कळेपर्यंत आठवडे हातातून गेलेले असतात. दोन बॅच मी अशाच फेकून दिल्या होत्या.

तिसऱ्या बॅचच्या वेळी टाकीवर एक कंत्राटी कामगार होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. राहायला डिंडोलीत, मूळचे खानदेशातले, आधी बरीच वर्षं कापड रंगवायच्या मिलमध्ये होते. एका दुपारी नोंदी बघताना दिसलं, की मी ठरवून दिलेला वेग ते आपल्या पाळीत रोज कमी करत होते. प्राणवायूचा आकडाही थोडा खाली आला होता.

"कोणाला विचारून केलंत?" मी सगळ्यांसमोर ओरडले.

"फेस वर येत व्हता मॅडम. हळू फिरवा ना, त्यास्ले बी जीव से."

"मला शिकवू नका!" मी म्हणाले आणि त्याच तिरमिरीत तक्रार केली. संध्याकाळी कंत्राटदाराने त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांच्या दोन मुली कॉलेजात आहेत, हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याविरुद्ध पुरावा हवा म्हणून मी टाकीतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. आधीच्या दोन बॅचमध्ये नुसता चुरा दिसला होता. या वेळी पेशी अखंड होत्या, भिजलेल्या साबुदाण्यासारख्या टपोऱ्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच मॅनेजरकडे गेले, वेग मीच चुकीचा ठरवला होता असं सांगितलं आणि काकांना परत बोलवायला लावलं. ते आले तेव्हा सगळ्यांसमोर माफी मागितली. "जाऊ द्या मॅडम," म्हणून ते लाजून हसले. विषय संपला, असं मला वाटलं.

परवा पुन्हा फेस चढला. काका टाकी सोडून धावत माझ्या खोलीपाशी आले.

"तुम्हाला दिसतंय ना काका? मग करा की वेग कमी."

ते दारातच उभे राहिले.

"नको मॅडम," म्हणाले, "तुम्ही लिखी द्या."