तीन आठवड्यांचं इंजेक्शन

सातवीत असताना माझा घसा दुखला, एवढंच निमित्त झालं. आईनं मिठाच्या गुळण्या करायला लावल्या, हळद घातलेलं दूध दिलं आणि चार-दोन दिवसांत मी परत शाळेच्या मैदानावर खो-खो खेळायला गेले. आमच्या बेंबळी गावात नुसता घसा दुखतो म्हणून कुणी दवाखाना गाठत नसे.

पुढं काही आठवड्यांनी माझा उजवा गुडघा सुजला. ती सूज उतरतेय तोवर डावा घोटा, मग कोपर. दुखणं असं जागा बदलायला लागल्यावर चुलतीला वाटलं, पोरगी शाळा चुकवायला सोंग करतेय. ताप मात्र हटेना, तेव्हा वडील मला धाराशिवला घेऊन गेले. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ ठोके ऐकले. नंतर त्यांनी वडिलांना समजावून सांगितलं. घशात स्ट्रेप्टोकोकस नावाचे जंतू झाले होते. ते गेले, पण त्यांच्याशी लढताना शरीर स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटलं. हृदयाची एक झडप बिघडली होती. पुन्हा तसाच घसा धरला तर ती आणखी बिघडणार. म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन, तेही कित्येक वर्षं.

सुरुवातीला खाटेवरून उठायचीच मनाई होती. शाळा सुटल्याचा गलका घरात ऐकू यायचा. पुढं चालायची परवानगी मिळाली, पण पळायची मिळाली नाही. पाहुण्यांत कुणी खोकलं की आई मला आतल्या खोलीत पाठवायची. सहल, मामाकडचा मुक्काम, पुण्याचं कॉलेज, सगळं त्या तारखेवर अडायचं. पुण्याचं तर अडलंच. इंजेक्शनची पूड पाण्यात कालवली की दाट होते, ती जाड सुईनंच द्यावी लागते. दुसऱ्या दिवशीही बसताना कळ येते. कळ सोसायची सवय झाली. तारखेची झाली नाही.

पदवी झाल्यावर नळदुर्गकडचं एक स्थळ आलं. आदल्या दिवशी पोहे निवडताना आई हळूच म्हणाली, "तिथं सुईचं काही बोलू नगंस. लगीन झाल्यावर बघू."

"मग सुई कुठं घेऊ?"

"माहेराला येत जा."

"दर तीन आठवड्याला?"

आईनं पोह्यांचं ताट उचललं आणि ती आत गेली.

पाहुणे आले. मुलाच्या आईनं, शेतातल्या कामाची सवय आहे का, असं साधंच विचारलं. माझ्या डोळ्यांपुढं दर वेळी नवं निमित्त काढून एसटीत बसणारी मी आले.

"माझ्या हृदयाची झडप अधू आहे," मी म्हणाले. "इंजेक्शन चालू आहे. बाळंतपणही डॉक्टरांना विचारूनच करावं लागंल."

वडिलांनी मान खाली घातली. पाहुण्यांनी चहा संपवला, नीट निरोप घेतला आणि दुसऱ्या दिवशी पत्रिका जुळत नसल्याचा फोन आला. आई कित्येक दिवस माझ्याशी धड बोलली नाही. बातमी भावकीत पसरली आणि स्थळं यायची थांबली.

आता मी धाराशिवला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. झडप आहे तेवढीच आहे, बिघाड वाढला नाही, असं डॉक्टर सांगतात. इंजेक्शन मात्र निदान चाळिशीपर्यंत सुटायचं नाही. सकाळी जाग आली की मी आधी थुंकी गिळून बघते. घसा दुखत नसला, तर उठते.