‘हाय’ आल्याशिवाय खडू नाही

कंटेनर यार्डाच्या गेटवर दोन ट्रेलर तोंडाला तोंड लावून उभे होते. दोन्ही ड्रायव्हरांच्या मोबाईलवर एकच नंबर होता, सत्तावीस. दोघांच्याही स्क्रीनवर हिरवी खूण होती आणि दोघंही मागं घ्यायला तयार नव्हते. मागं गाड्यांची रांग पार खाडीपुलापर्यंत गेली होती. त्या मोबाईलातलं पान मी बनवलेलं, म्हणून शिव्या मला पडत होत्या.

आधी धंदा समजून घ्या. न्हावा शेव्याला बंदर आल्यावर आमच्या मिठागरवाल्या गावांनी ट्रेलर घेतले. यार्डातला काही माल गावच्या गाड्यांनीच उचलायचा असं ठरलं, आणि तो नंबरानं. ज्याची गाडी आधी रिकामी झाली त्याचा नंबर आधी. कुणाच्या दहा गाड्या असोत की एक, पाळी सगळ्यांना सारखी. ही पाळी लावणारा तो नंबरवाला. मी आधी वीस वर्षं ट्रेलर चालवला, मग पाय गेला, मग नंबरवाला झालो. चौथी पास आहे. पाचवीचं पुस्तक बघितलं नाही, आणि बघायचं राहिलं म्हणून कधी रडलोही नाही.

पूर्वी चहाच्या टपरीवर फळा होता. मी नाव पुकारायचो, ड्रायव्हरनं समोर उभं राहून ‘हाय’, म्हणजे हजर आहे, असं म्हणायचं, मगच माझा खडू फळ्याला लागायचा. कुणाच्या भावानं त्याच्यासाठी ‘हाय’ म्हटलेलं चालायचं नाही. लांबून हात हलवलेला चालायचा नाही. माझ्या कानावर ‘हाय’ आला पाहिजे. या एका नियमावर आमच्या गावात इतकी वर्षं नंबरावरून डोकं फुटलं नाही.

पुढं गाड्या वाढल्या, फळा पुरेना. गाडीवाल्यांच्या संघटनेनं एका शिकलेल्या माणसाला वेबसाईट करायला दिली. तो अर्धी सोडून दुबईला गेला. उरलेली मी त्याचंच बघून बघून केली. लोकांना नवल वाटतं. मला नाही वाटत. वेबसाईटचं पान म्हणजे खोक्यात खोकं, त्यात अजून एक खोकं. त्यातल्या मोठ्या खोक्याला ती माणसंही कंटेनरच म्हणतात. आयुष्यभर मी दुसरं काय बघितलं?

पान चालतं ते एका टूलवर. टूल म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड. ओपन सोर्स आहे. ओपन सोर्स म्हणजे गावजेवण. चार माणसं चुलीपाशी उभी राहून रांधतात, आणि कुणीही येऊन पानावर बसावं. पैसे नाहीत. पण मीठ कमी आहे म्हणालात तर तुमच्या हातात पळी देतात. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

तर सत्तावीस नंबर. एक गाडी राजेशची होती, दुसरी सुगंधा वहिनीची. सुगंधा वहिनीचा नवरा वारला तेव्हापासून तिचा एकच ट्रेलर आहे, ड्रायव्हर ठेवलेला. ड्रायव्हरनं फोन केला तशी ती स्वतः रिक्षा करून गेटवर आली. मी सर्व्हर बघितला. सर्व्हर म्हणजे आमचा आताचा फळा, खरी नोंद तिथं होते. तिथं फक्त राजेशचं नाव होतं. नियमानं माल राजेशला गेला.

सुगंधा वहिनी ओरडली नाही. तिनं ड्रायव्हरचा मोबाईल माझ्यासमोर धरला.

“नाना, माझा हाय घेतलास ना? मग खडू कुनी पुसला?”

“खडू लागलाच नव्हता, वहिनी.”

“मग ह्ये हिरवं काय हाय?”

मी तो मोबाईल हातात घेऊन सर्व्हर पुन्हा बघितला. तिथं राजेशच.

संघटनेचा अध्यक्ष गजाशेठ. त्याच्याकडं बऱ्याच दिवसांपासून एक एजन्सी येत होती, तयार ॲप घेऊन. त्या ॲपात ज्याच्या गाड्या जास्त त्याला माल आधी मिळतो, कारण यार्डाला ते सोयीचं. म्हणजे सुगंधा वहिनीसारख्या एका गाडीवाल्यांची पाळी संपलीच म्हणायची. गजाशेठ माणूस वाईट नाही, पण त्याच्या गाड्या पुष्कळ. त्यानं सांगितलं, नाना, पुढच्या मीटिंगपर्यंत हे बसव, नायतर आपण ॲप घेऊ.

मी राजेशचा जुना मोबाईल घेतला आणि वहिनीचा ड्रायव्हर जिथून नंबराचं बटण दाबलं म्हणाला तिथं गेलो. मिठागराच्या बांधाजवळ. तिथं रेंज येते आणि जाते. बटण दाबलं. स्क्रीन लगेच हिरवा झाला, ‘तुमचा नंबर लागला’. सर्व्हरवर बघितलं तर काही नाही. मोबाईल खिशात टाकला, गाडीत बसलो, पुलापर्यंत आलो. तरी सर्व्हरवर काही नाही.

तेव्हा उजेड पडला. महिन्याभरापूर्वी टूलची नवी व्हर्जन आली होती. घ्या घ्या म्हणून पिवळी पट्टी झळकत होती, म्हणून मी घेतली. त्यात त्यांनी एक गोष्ट बदलली होती. आधी बटण दाबलं की टूल सर्व्हरला विचारायचं, सर्व्हर हो म्हणायचा, मग स्क्रीन हिरवा. आता स्क्रीन आधी हिरवा, विचारणं मागाहून. सर्व्हर नाही म्हणाला तर हिरवं पुसायचं. पण रेंज नसली तर विचारणं पोचतच नाही, आणि हिरवं तसंच राहतं. याला ते आशावादी पद्धत म्हणतात. कुणाच्या फोटोला लाईक द्यायला ती ठीक आहे. इथं ड्रायव्हर हिरवं बघून जेवायला जातो.

‘हाय’ ऐकण्याआधी खडू. माझ्याच पानावर.

मी त्याच दिवशी जुनी व्हर्जन परत लावली. वाटलं, संपलं. पण एजन्सीचा माणूस हुशार. तो गजाशेठला म्हणाला, यांची व्हर्जन लवकरच बंद होणार आहे, मग तिच्यातली भोकं कुणी बुजवणार नाही, कुणीही आत शिरून नंबर बदलेल. मी तपासलं. तो बोलला ते खोटं नव्हतं. टूलवाल्यांनी तसं जाहीरच केलं होतं.

मग मी टूलवाल्यांकडं गेलो. त्यांची एक जागा असते, तिथं कुणीही तक्रार मांडतो, तिला इश्यू म्हणतात. जगभरची माणसं तिथं बोलतात. मी माझ्या इंग्रजीत लिहिलं. माझ्या इंग्रजीला टायर गुळगुळीत आहेत, पण ती चालते. लिहिलं की नवी व्हर्जन खोटं बोलते. उत्तर आलं, ‘एक्स्पेक्टेड बिहेवियर’, आणि इश्यू बंद. म्हणजे असंच व्हायचं होतं, यात चूक नाही. मी पुन्हा उघडला. पुन्हा बंद झाला. कुणी हसरी तोंडं लावली. एकानं सांगितलं, आधी प्रोग्रॅमिंगचा कोर्स करा. मी त्याला विचारलं, ट्रेलर रिव्हर्स घेता येतो का. तर समज मिळाली की इथं सभ्यतेनं बोलायचं. बरं म्हटलं.

मग मी सभ्यतेनं सगळा फळा लिहून काढला. खडू, ‘हाय’, मिठागराचा बांध, सुगंधा वहिनीचा एक ट्रेलर. नाव नाही घातलं तिचं, एक बाई म्हटलं. आणि शेवटी लिहिलं, नवी व्हर्जन तुमची तुम्हाला लखलाभ, पण जुनी मारू नका.

आता हसरी तोंडं आली नाहीत. चुलीपाशी उभी असणारी मुख्य बाई होती मार्टा. कुठल्या देशाची ते मी विचारलं नाही. तिनं स्वतः उत्तर दिलं. तिची आई डोंगरात राहते, तिथंही रेंज नाही. बटण दाबून काही हललं नाही तर आई तेच बटण पाच वेळा दाबते आणि मोबाईल बिघडला म्हणून रडते. म्हणून तिनं हे हिरवं आधी आणलं होतं. बाईचं म्हणणं आईवरून आलेलं. मला ते पटलं नाही, पण कळलं.

मी लिहिलं, “आईला थांब म्हणून सांग. झालं म्हणून सांगू नको.”

त्यावर अंगठे उठले. तिथं पटलं की अंगठा दाखवायची पद्धत आहे. पुष्कळ अंगठे उठले. आणखी माणसं निघाली ज्यांना जुनी व्हर्जन हवी होती, कुणी दवाखान्याच्या रांगेसाठी, कुणी बसच्या सीटसाठी. मला वाटलं, जिंकलो.

मार्टानं एकच ओळ लिहिली. जुनी सगळ्यांना हवी आहे, ती सांभाळणार कोण? आम्ही चुलीपाशी तिघंच आहोत आणि तिघांनाही नोकरी आहे.

सगळे अंगठे गप्प. दिवस गेला, आठवडा गेला, एक हात वर आला नाही. अशी शांतता मी संघटनेच्या मीटिंगमध्ये बघितलेली आहे, वर्गणीचा विषय निघाला की.

मी हात वर केला.

त्या तिघांतला एक पुण्याचा निघाला, केतन. त्यानं माझा फोन नंबर मागून घेतला आणि फोन केला. मराठीत बोलला, त्याचं बरं वाटलं.

“काका, राग मानू नका. तुम्ही यात पडू नका. सांभाळायचं म्हणजे दुसऱ्याचा कोड वाचायचा, भोकं शोधायची. चुकलात तर हजार साइट पडतील.”

“तुम्ही किती शिकलात, साहेब?”

“इंजिनिअरिंग. पण प्रश्न तो नाही.”

“बरोबर. प्रश्न तो नाही. तुम्ही सांभाळता का जुनी?”

 तो म्हणाला की मार्टा एक काम देईल, मी ते केलं की तपासून तो देईल. पण लिहायचं मी. मी म्हटलं, दुसऱ्यानं म्हटलेला ‘हाय’ आमच्याकडंही चालत नाही.

काम असं होतं. नावाच्या जागी कुणी नावाऐवजी हुकूम लिहिला, तर जुनी व्हर्जन तो हुकूम पाळायची. म्हणजे कुणी ड्रायव्हरच्या नावात ‘सगळे नंबर पुसा’ असं कोडच्या भाषेत लिहिलं की पुसले. नव्या व्हर्जनमध्ये हे भोक बुजवलेलं, जुन्यात मला बुजवायचं होतं. मी लिहिलं, दिलं. तिथं कोड दिला की मशीन तपासण्या घेतं, एक जरी चुकली की लाल. माझं पान लाल झालं, सबंध. केतननं कारण लिहून परत पाठवलं. सुधारून दिलं. पुन्हा परत. एक भोक बुजवताना मी मराठी नावंच अडवत होतो. सुगंधा वहिनीचं नाव त्यात गेलं तर पान तिला ओळखेना. मी त्या मशीनला जे बोललो ते सभ्यतेच्या नियमात बसणारं नव्हतं, पण मशीन तक्रार करत नाही.

केतन मधे म्हणाला, राहू द्या काका, मी दोन ओळी टाकतो. मी फोन ठेवून दिला. हे त्याला आवडलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

शेवटी सगळं हिरवं झालं. खरं हिरवं, तपासून झालेलं. मार्टानं त्या टूलच्या पानावर जुन्या व्हर्जनपुढं माझं नाव लावलं.

मीटिंग शाळेच्या हॉलमध्ये होती. एजन्सीचा माणूस लॅपटॉप उघडून आला. त्यानं आपलं ॲप दाखवलं, छान होतं, रंगीत होतं. मग म्हणाला, यांच्याकडं जी व्हर्जन आहे तिला वाली कोणी नाही.

मी म्हटलं, पान उघडा, तुमच्याच लॅपटॉपवर उघडा. त्यानं उघडलं. ‘जुनी व्हर्जन कोण सांभाळतं’ त्याच्यापुढं नाव होतं. त्यानं मोठ्यानं वाचलं आणि मग माझ्याकडं बघितलं.

गजाशेठ म्हणाला, “ह्यो तूच?”

“व्हय.”

गजाशेठ हसला. पण हसून झाल्यावर त्यानं विचारलं की भोक पडलं तर बुजवणार का, आणि मी म्हटलं, एक बुजवलंय, बघून घ्या. एजन्सीच्या माणसानं तेही उघडून बघितलं.  मग मत घेतलं तेव्हा एकेकच गाडी असलेल्यांनी नंबराच्या बाजूनं हात वर केले, आणि ते हॉलमध्ये जास्त होते. नंबर राहिला.

बाहेर सुगंधा वहिनी चपला शोधत होती. मला वाटलं चांगलं काही बोलेल.

“नाना, तू मेल्यावर कोन बघंल ह्ये?”

“तवपर्यंत तुझा नंबर लागंल.”

“तुझं काय खरं न्हाय,” म्हणाली आणि रिक्षात बसली. पण प्रश्न तिनं बरोबर विचारला होता. आता टूलच्या पानावर माझ्या नावाखाली मी एक ओळ लिहून ठेवली आहे, दुसरा माणूस पाहिजे. अंगठे भरपूर आलेत.

मागच्या आठवड्यात जुन्या व्हर्जनवर पहिला इश्यू आला. कुठल्या तरी देशातल्या माणसानं लिहिलं होतं की बटण दाबल्यावर स्क्रीन लगेच हिरवा होत नाही, त्याचे ग्राहक कंटाळतात, ताबडतोब बदला. मी चहा संपेपर्यंत त्यावर विचार केला. मग लिहिलं, ‘एक्स्पेक्टेड बिहेवियर’, आणि बंद केला.

त्यानं पुन्हा उघडला. मी पुन्हा बंद केला. त्यानं खूप लांब लिहिलं, धंद्याचं नुकसान, जगाची रीत, सगळं. मी शेवटपर्यंत वाचलं. तो चुकीचा नव्हता, त्याच्या जागी. मी त्याला विचारलं, तुला सांभाळायचंय का?

अजून उत्तर नाही. गावजेवणात असंच असतं. मीठ कमी म्हणणारे पंगतीत असतात, आणि मीठ पळी धरणाऱ्याच्या हातानं पडतं.