हकीमाकडे नेलेल्या उसन्या हिरड्या

आमच्या मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, तेव्हा एक रीत होती. घरात वडीलधारी असताना नवऱ्यानं दिवसाउजेडी बायकोशी बोलायचं नाही, आणि ती पोटुशी आहे हे तर बाहेर चुकूनही काढायचं नाही. पोर जन्मेपर्यंत बापाला जणू काही ठाऊकच नसायचं. ही रीत पाळण्यात मी भलताच वाकबगार होतो, म्हणून तर पुढचं सगळं झालं.

बायकोला पहिल्यांदा दिवस गेले आणि तिच्या हिरड्या सुजल्या. चूळ भरली की रक्त. कडुलिंबाची काडी तोंडात घातली की उमळून यायचं, म्हणून तिनं काडीच सोडली. त्यावर माझ्या मायचा उपाय म्हणजे मिसरी. जळक्या तंबाखूची ती काळी भुकटी सून उठता-बसता घासू लागली, तशी खालची एक दाढ हलायला लागली. भाकरी चावेना, कालवणात कुस्करून गिळायची. मायनं ठरवलं, गुरुवारी वैदू येतो, त्याच्याकडून दाढ उपटून घ्यायची.

गोठ्यात कुणी नाही असं पाहून बायको मला म्हणाली, "अवं, माझ्या बहिणीचे दात असेच एकेक करून गेले. मला लई भ्या वाटतंय."

मला काळजी होतीच, पण नवल त्याहून जास्त. बाळ पोटात आणि रक्त तोंडात, हे कसं? विचारायला माजलगावच्या हकीमाकडे गेलो. ओसरी माणसांनी भरलेली. त्यांच्यासमोर बायकोचं कसं सांगणार? ठोकून दिलं, "हिरड्या दुखतात. माझ्या."

हकीमसाहेबांनी माझा जबडा उघडायला लावून आत डोकावलं. "मियाँ, या दातांनी तुम्ही लोखंड चावाल. दुखतं कधी?"

"सकाळी जी. उलटीनंतर."

"उलटी होते?"

"रोज. आता जरा कमी हाय."

"आंबट खावंसं वाटतं?"

"लई! चिंचा. आन् भाजकी माती बी."

त्यांनी दाढीवरून हात फिरवला आणि गंभीरपणे विचारलं, "कितवा महिना?"

"पाचवा," मी म्हणालो.

ओसरी अशी हसली की बाहेर बांधलेली घोडी बिचकली. एक फळवाला ओरडला, "डोहाळजेवणाला बोलाव बे आमाला!"

हकीमसाहेबांनी मात्र हसू दाबून मिसरीचं, हलत्या दाढेचं सगळं माझ्याकडून काढून घेतलं आणि नीट सांगितलं. या दिवसांत बाईच्या हिरड्या नाजूक होतात, जरा मळ राहिला तरी सुजतात. मिसरी बंद. उलटी झाली की लगेच घासायचं नाही. आधी चूळ, घासणं मग सावकाश. जेवल्यावर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. सकाळी काडी सोसत नसेल तर दुपारी घ्यावी, बाभळीची, चावून मऊ केलेली. दाढ घाईनं उपटू नये.

घरी आलो तर रीत आडवी उभी. मग मायसमोर मोठ्यानं जाहीर केलं, "हकीमानं मला गुळण्या सांगितल्यात," आणि अंगणात खळाखळा सुरू झालो. काडी चावली ती दुपारी, दाराकडे तोंड करून. दाराआड बायको ते बघून तेच करायची.

माय म्हणाली, "तुला कावून रं ही थेरं? बैलासारखे दात हायेत."

गुरुवारी वैदू चिमटा घेऊन ओट्यावर बसला. मायनं सुनेला हाक मारली. आता गुळण्यांवर भागणार नव्हतं.

"माय, दाढ काढायची न्हाई. मिसरी बी बंद. मी हकीमाला हिचंच इचारलं."

"हिचं? चार माणसांत?" मायनं तोंडाला पदर लावला. "लाज न्हाई का रं तुला?"

"होती. तिथंच ठेवून आलतो."

वैदू पाणी पिऊन गेला. माय माझ्याशी बोलेना. पण संध्याकाळी मिठाचं पाणी कोमट करून सुनेपुढं सरकवलं ते तिनंच.

बाळंतपणानंतर हिरड्या हळूहळू निवल्या, दाढही आवळली. पोट मोकळं झाल्याचं तोंडाला कुणी कळवलं, हे नवल मला अजून उकललेलं नाही. एके दिवशी बायकोनं भाकरीचा कडक काठ दाढेखाली घातला आणि कडकन मोडला. चुलीपासून माय म्हणाली, "दुसरी टाकू का गं?"